हेमचंद्रचं सातवं मरण

राखीने फोन आडवा धरला आणि पहिल्याच ओळीवर ती अडखळली.

"वाच ना," बेबीताई म्हणाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डोळ्यांवर हिरवा चष्मा, मांडीवर औषधाच्या थेंबांची बाटली. "माझ्या कथेची कोणी नक्कल केली म्हणतात. डॉक्टरनं फोन पाहायची मनाई केली, नाही तर मीच वाचली असती."

'नर्मदाकन्या' म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावरच्या बेबीताई, हे राखीला पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. गोरखपूर मोहल्ल्यात एकाच जिन्याने चढउतार करून सहा वर्षं झाली, पण या बाई टीव्हीवरच्या इन्स्पेक्टर हेमचंद्रवर मनाने पुढच्या कथा रचून इंटरनेटवर टाकतात, हे कोणाला ठाऊक! कथाही कशा, तर नायक दर चार भागांनी मरायचा आणि पुढच्या भागात पोहे खायला हजर. राखीने तिखटमीठ लावून त्याची विडंबनकथा केली होती. तिचं गणित ठरलेलं होतं: एकच चूक धरायची, ती भागागणिक ताणायची आणि शेवटी लेखिकेलाच कथेत ओढून आणायचं. हजार लोक पोट धरून हसले होते.

"हेमचंद्र सातव्यांदा वारला," ती वाचू लागली, "तेव्हा नर्मदेच्या ग्वारीघाटावरची फुलवाली म्हणाली, आओ भैया, आज फिर?"

बेबीताई खळखळून हसल्या. "बदमाश आहे लिहिणारी!"

राखीला हसू आलं नाही. मेली लाज अशी की कानांच्या पाळ्या तापल्या. शेवट जवळ आला तसं तिने बोट भराभर सरकवलं आणि दोन ओळी गाळून म्हणाली, "संपली."

"संपली?"

"हो."

 बेबीताईंनी पदराने चष्म्याखालचं पाणी टिपलं.

"काल ललितनं वाचून दाखवली होती, तरी पुन्हा ऐकायची होती," त्या म्हणाल्या. ललित त्यांचा भाचा. "त्याला काही वाटलं नाही, पूर्ण वाचली. शेवटी हेमचंद्र लेखिकेला म्हणतो, बाई, तुझ्या घरी कोणी नाही म्हणून मला मरू देत नाहीस का? ते काहून सोडलं तू?"

फोन राखीच्या हातातच राहिला. नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

"ताई, ते... मीच लिहिलं."

"ठाऊक आहे मला. सोडलं तेव्हाच समजलं."

राखी शिव्यांची वाट पाहत बसली. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बेबीताई तिच्या दिशेने सरकल्या आणि त्यांनी हलकेच, जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं तसं विचारलं,

"आमचे हे, देवीदास, वारले त्याच महिन्यात मी हे सुरू केलं. का, ते कोणालाच सांगितलं नाही. तुला कसं कळलं, पोरी?"

किती आशेने विचारलं होतं त्यांनी! होय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"कळलं नव्हतं, ताई," राखी म्हणाली. "मला फक्त लोकांना हसवायचं होतं."