मागून चाललेली रिकामी डोली

मित्रांनो, हिरकणीवाडीत चांगूच्या गोठ्यात वाशांना एक खुर्ची उलटी टांगलेली दिसेल, ती मी. मी एक जुनी डोली आहे. ज्यांचे पाय थकले, ज्यांना चढ सोसत नाही, अशांना खांद्यावरून रायगडावर नेणे हे माझे काम होते.

माझा जन्म राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या सालचा. गडावर मोठा सोहळा होणार, म्हातारीकोतारी माणसेही येणार, म्हणून चांगूच्या बापाने, गोमाजीने, महाडच्या बाजारातून कचेरीने मोडीत काढलेली एक सागवानी खुर्ची आणली. तिच्या दोन्ही अंगांना लांब बांबू लावून काथ्याने आवळले. खांद्याला रुतू नयेत म्हणून टोकांना गोणपाट गुंडाळले. मग त्याने आपल्या बायकोला माझ्यात बसवले आणि चौघांनी उचलून अंगणात फेरी मारली. ती लाजून ओरडली, "खाली ठेवा गो बाय मला, सगळी वाडी बघते!" मी जरासुद्धा करकरले नाही. गोमाजी म्हणाला, "आता कुणालाबी बसवा."

पुढे किती माणसे मी वर नेली! कुणी वर पोचल्यावर माझ्या दांड्यांना हात लावून नमस्कार करी. एक आजी तर उतरताना मला हळदकुंकू लावून गेल्या. गोमाजीनंतर पुढचा दांडा चांगूने खांद्यावर घेतला. त्याच्या मागे त्याचा मेहुणा महादू आणि वाडीतले आणखी दोघे. चांगूची बायको रखमा पायथ्याशी चहाची टपरी चालवी.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, तो भाद्रपदाच्या शेवटाचा. तुम्ही गड पाहायला बहुधा दिवाळीनंतर येता. तेव्हा गर्दी असते, बस भरून येतात, लोक एकमेकांना विचारतात, भाव सगळ्यांना ठाऊक असतो. पण पाऊस मागे सरलेला आणि दिवाळी अजून लांब, असे काही दिवस असतात. गवत कमरेएवढे, पायऱ्यांवर शेवाळ, निम्म्या टपऱ्या बंद. येणारा पाहुणा एकटादुकटा असतो. दुसऱ्या प्रवाशाला विचारावे, तर दुसरा प्रवासीच नसतो. महाडच्या एस.टी. स्थानकाबाहेर उभा राहणारा मुरारी जीपवाला त्याच दिवसांची वाट पाही. बोलायला गोड, हसायला मोकळा. नवख्या माणसाला तो आधी पाणी विचारी आणि मग थाप मारी.

त्या सकाळी त्याच्या जीपमधून एक वयस्कर जोडपे उतरले. रामजी इगतपुरीला रेल्वेत होते, नुकतेच निवृत्त झालेले. बरोबर त्यांची बायको कमळाबाई. रामजींनी धुवट पांढरा सदरा घातला होता आणि पायांत नवे बूट. रखमाने चहा दिला तेव्हा ते आपणहून बोलू लागले.

"माझे वडील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आले होते. ओंजळीने पाणी प्यायले आणि मग चालत चालत हा गड बघून गेले. मरेपर्यंत सांगायचे, बाळ, एकदा जाऊन ये. आज सकाळी तळ्यावर जाऊन आलो. आता गड राहिला."

"बरं केलंत बाबा," रखमा म्हणाली. "पण एस.टी. सोडून जीपनं कशाला आलात?"

"एस.टी. बंद आहे ना? वाटेत दरड कोसळलीय म्हणे."

तेवढ्यात खालच्या वळणावर पाचाडहून महाडला निघालेली लाल गाडी दिसली. रामजी तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी घाईघाईने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि एक काळपट नाणे पुढे केले. "हे तरी बघा. शेतात नांगरताना मिळालेलं, शिवरायांच्या काळातलं. त्या जीपवाल्यानंच विकत दिलं."

रखमाला खोटे बोलता येत नसे. "बाबा, असली नाणी मीठ लावून उकिरड्यात पुरतात, म्हणजे जुनी दिसतात. पावसाळ्यानंतर एक ना एक पाव्हणा असलं नाणं घेऊन येतो."

रामजींनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. वडिलांच्या वाटेने आलेला माणूस, आणि सकाळपासून एक जण त्याला हसत हसत फसवत होता. नेमके तेव्हाच मुरारीने जीपमधूनच आरोळी दिली, "चांगू, पाव्हणे आणलेत रे! माझं काय ते बघ!"

चांगूने त्याला पाहुणे आणल्याची दलाली कधी दिली नव्हती. पण रामजींनी ते ऐकले आणि मनाशी काय समजायचे ते समजले. चांगू पुढे येऊन म्हणाला, "बसा बाबा. चढ तुम्हाला झेपायचा नाय."

"नको. मी चालत जाईन."

"अहो, डॉक्टरांनी चढ चढू नका म्हणून सांगितलंय," कमळाबाई म्हणाल्या. "बसा ना."

"सगळी एकच टोळी आहे, कमळ. आता हे अर्ध्या वाटेत खाली ठेवतील आणि जास्तीचे पैसे मागतील."

मित्रांनो, ते अगदीच खोटे नव्हते. तसे करणारेही होते. चांगूने हात जोडले. "भाव हितंच ठरवा बाबा. हिच्यासमोर ठरवा. वर एक पैसा जास्ती घेणार नाय."

"ती तुझीच बायको ना?" रामजी म्हणाले, आणि काठी टेकत पायऱ्या चढू लागले. कमळाबाई त्यांच्या मागे गेल्या.

रखमा म्हणाली, "मी उगाच बोलले त्या नाण्याचं."

"खरं तेच बोललीस गो." चांगू ती दोघे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "उचला रे."

"भाडं नाय, काय नाय, आणि कुठं उचलू?" महादूने विचारले.

"उचल."

रिकामी डोली नेणे सोपे वाटते, पण तसे नसते. मध्ये वजन नसले की ती हिंदकळते, चौघांची पावले जुळत नाहीत. तशी मी त्या दिवशी चढत होते. आम्ही एक वळण मागे राहत होतो. ती दोघे थांबली की आम्ही थांबायचो. धुके खाली येत होते. एकदा रामजींनी मागे वळून आम्हाला पाहिले आणि त्यांचा आवाज चढला, "मागे लागू नका! काही मिळणार नाही!"

"काही नको बाबा," चांगू खालून म्हणाला. "आमची वाटच ही हाय."

महादरवाजाचे बुरूज धुक्यातून दिसू लागले, तेव्हा वरून काठी घरंगळत आली. पाठोपाठ कमळाबाईंची हाक. चौघे धावले. रामजी पायरीवर बसले होते, छातीला हात, ओठ निळसर. त्यांना उचलून माझ्यात ठेवले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. फक्त वर बोट दाखवले. "दरवाजा... एवढा जवळ आलाय. मला वर न्या."

चौघे कमळाबाईंकडे बघू लागले. वर नेले असते तर रामजींनी जन्मभर मनात धरलेली जागा डोळ्यांनी पाहिली असती. कमळाबाईंनी एकदा दरवाजाकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. "खाली," त्या म्हणाल्या. "लवकर."

रामजी लहान मुलासारखे रडू लागले. चांगू म्हणाला, "गड कुठं पळून जात नाय, बाबा. धरून बसा."

शेवाळाच्या पायऱ्यांवरून ते चौघे कसे उतरले, ते मलाच ठाऊक. कुणाचा पाय सटकला की बाकीचे तिघे दात खाऊन दांडा तोलत. निम्म्या वाटेवर रामजींनी हळूच विचारले, "तुम्ही मागे का आलात?"

"चहा पिताना तुमची छाती वाजत होती," चांगू म्हणाला. "मी ऐकली."

पायथ्याशी तेव्हा एकच गाडी होती, मुरारीची. परतीचे भाडे मिळेल म्हणून तो थांबला होता. चांगूने रामजींना उचलून थेट जीपमध्ये ठेवले. "चालू कर."

मुरारीचा चेहरा उतरला. "अरे, माझ्या गाडीत काय बरंवाईट झालं तर?"

"तर काय केलंस ते तुझ्या डोळ्यांनी बघशील," चांगू म्हणाला. "चल."

चांगू बरोबर गेला. नंतर त्याने रखमाला सांगितले, की मुरारीने महाडच्या सरकारी दवाखान्यापर्यंत गाडी नेली आणि भाडे मागितले नाही.

रामजी वाचले. पण हृदयाला कायमची दुखापत झाली. घराचा जिनासुद्धा चढायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. मुरारी सुधारला का, म्हणाल तर मला ठाऊक नाही. स्थानकाबाहेरची जागा त्याने सोडली नाही, एवढे खरे.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत एस.टी.तून कमळाबाई एकट्याच आल्या. बरोबर दोन अनोळखी तरुण होते. रखमाने कमळाबाईंना ओळखले आणि मिठीच मारली. कमळाबाई म्हणाल्या, "तो मुरारी आजही होता. मला ओळखलं नाही. दरड कोसळलीय, गाडी बंद, तेच बोलला. मी सरळ चौकशीच्या खिडकीवर गेले. गाडी होती. ही मुलं त्याच्या जीपमध्ये बसत होती, त्यांना मोठ्यानं सांगितलं, उतरा, गाडी आहे."

मग त्या माझ्यापाशी आल्या आणि चांगूला म्हणाल्या, "भाव आधी सांगा. जातायेताचा सांगा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा. राग मानू नका."

"राग कसला, बाई," चांगू म्हणाला. "विचारलंत म्हणून आमची अब्रू राहते."

त्या दिवशी आम्ही फार सावकाश गेलो. कमळाबाई सारख्या थांबायला सांगत. मागच्या वर्षी नवरा जिथे कोसळला, तिथे त्या उतरल्या आणि पुढे महादरवाजापर्यंत चालत गेल्या. तळहात दगडावर टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. महादूने विचारले, "काय बघताय, बाई?"

"घरी गेल्यावर आमचे हे विचारतील," त्या म्हणाल्या. "दगड गार होता का, खडबडीत होता का, सगळं विचारतील."

वर बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ, समाधी, सगळीकडे त्या तशाच थांबल्या. समाधीपुढे त्यांनी डोळे मिटले आणि आधी सासऱ्यांचे नाव घेतले, मग नवऱ्याचे.

मित्रांनो, आता माझ्या बांबूंना कीड लागली आहे आणि काथ्या कुजला आहे. एखाद्या दुपारी चांगू येतो, माझ्यावरची धूळ झटकतो आणि जातो. माझे एवढेच मागणे आहे. परक्या गावी गेलात, की गाडीबद्दल चौकशीच्या खिडकीवर विचारा, भाव चारचौघांत ठरवा, आणि शेतात सापडलेले म्हणून कुणी काही विकू लागला तर हात जोडून पुढे चला. मुरारीने रामजींचे पैसे नेले, ते भरून आले असते. पण त्याने त्यांचा विश्वास नेला, आणि त्याची भरपाई चांगूला करावी लागली, रामजींना करावी लागली. म्हणून आधी नीट विचारा. आणि विचारून झाले, माणूस खरा वाटला, की मग निश्चिंत बसा. आखडून बसलेला माणूस उचलणाऱ्याच्या खांद्याला फार जड होतो.