मागच्या सीटवरचं फावडं

डेरिल व्हँकूव्हरहून आला तो मनाशी ठरवूनच: आईच्या गाडीच्या किल्ल्या सोबत न्यायच्या. इर्माने हे त्याने बूट काढायच्या आतच ओळखलं.

"शहात्तरची झालीस, आई. या वाऱ्यात गाडी अडकली तर?"

"तर आत बसून राहायचं. चल, दाखवते."

अंगणातल्या खांबावरून आलेली वायर गाडीच्या तोंडात खोचलेली होती. इंजिन गारठू नये म्हणून कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये हिवाळ्यात सगळेच असं करतात. डिकीत वाळूची पोती, ओढायचा पट्टा. मागच्या सीटवर घोंगड्या, मेणबत्त्या घातलेला कॉफीचा डबा, दोनदा भाजलेल्या पावांची पिशवी आणि फावडं.

"फावडं सीटवर? पाहुणा आहे का ते? डिकीत टाकतो."

"हात लावू नकोस."

"मग डिकी कशाला असते?"

"किराण्याला."

गावातून टपाल आणायचं होतं. "मी चालवतो," डेरिल म्हणाला. तिने वायर काढून गुंडाळली आणि शेजारी बसली.

खडीच्या रस्त्यावर वाऱ्याने बर्फ वाहत होता. वळणावर त्याने ब्रेक दाबला, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि मागच्या अंगाने रस्त्याकडेच्या चरात घुसली. इंजिन गुरगुरून बंद पडलं. डेरिल उतरून पाहून आला. डिकी काचेपर्यंत बर्फात गाडली गेली होती.

"तो बघ, शेजारच्या रेमरांच्या घराचा दिवा. जाऊन ट्रॅक्टर आणतो."

"इथे दिवा दिसतो तेवढा जवळ नसतो. वारा वाढला की तोही दिसत नाही. गाडी सोडायची नाही. उबेसाठी इंजिन लागेल आपल्याला, पण आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं कर. नाहीतर धूर आत येईल आणि बसल्या जागी झोपून जाऊ दोघं."

"पण कशानं..." म्हणता म्हणता त्याची नजर मागे गेली.

त्याने फावडं उचललं.

तो परत आला तेव्हा तिने खिडकीबाहेर लाल फडकं अडकवलं होतं. थोडा वेळ इंजिन, मग डब्यातली मेणबत्ती, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली. डेरिलने पाव दाताखाली धरला. लहानपणीइतकाच कडक होता.

"ही सगळी तयारी तू दरवर्षी करतेस?"

"पहिलं दव गोठलं की."

अंधारायच्या आधी लाल फडकं पाहून रेमर ट्रॅक्टर घेऊन आले. सोबत आणलेला पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "काय इर्माबाई, म्हातारपणी चरात?"

इर्मा हातमोजे चढवत राहिली.

"मी चालवत होतो," डेरिल म्हणाला.

"हां. व्हँकूव्हर. तिथे कुठला एवढा बर्फ," रेमर म्हणाले आणि ट्रॅक्टरवर चढले.

गाडी रस्त्यावर आली. डेरिल वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. किल्ली जागेवरच होती. इर्माने आरसा आपल्यापुरता फिरवून घेतला.

"फावडं मागे ठेवलंस?"

"हो."

"दांडा माझ्या बाजूला कर," ती म्हणाली आणि गाडी गावाच्या दिशेने काढली. टपाल अजून आणायचं होतं.