वाढीव पट्टी

"अहो, बसत नाहीये! तुमची फळी बसत नाहीये!"

मास्तर स्वयंपाकघरात गेले, तर कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत फळी तिरकी अडकलेली आणि बायको ती मुठीने ठोकतेय.

"ठोकू नकोस. भिंत वाकडी असेल."

"जुनी फळी वीस वर्षं बसत होती की इथे. आज बरी भिंत वाकडी झाली! मोजली होती ना नीट?"

"मी? मोजली होती का म्हणून मला विचारतेस?"

ओतकामाच्या कारखान्यात चाळीस वर्षं लाकडी पॅटर्न बनवलेल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे कमालच झाली. वितळलेलं लोखंड ज्या आकारात ओतायचं, तो आकार आधी लाकडात घडवायचा, हे मास्तरांचं काम. "केसभरही फरक निघणार नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे कारखान्यात त्यांच्या पाठीमागे, आणि पुढेपुढे तोंडावरही, सगळे त्यांना 'केसभर' म्हणत. मास्तर वरवर चिडायचे, पण आतून त्यांना ते नाव आवडायचं.

फळी उपसून ते मागच्या पत्र्याच्या खोलीत गेले. तिथे त्यांचं कामाचं बाक होतं. पोलादी पट्टी लावली. बरोबर सहाशे मिलिमीटर. मग उगाच, खात्री असावी म्हणून, टेप लावला. सहाशे सहा.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पट्टी उजेडात धरली. टोकाला कोरलेले आकडे अंगठ्याने झिजून पुसट झाले होते, पण ओळखू आले. ही वाढीव पट्टी होती. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित करत बसायला नको म्हणून या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटरच किंचित लांब असतो. साधी पट्टी शेजारच्या खिळ्याला लटकत होती. जागा टेपने मोजली होती, पण फळी आखताना हात सवयीने कारखान्यातल्या पट्टीकडे गेला होता.

मास्तरांना आधी हसूच आलं. निवृत्तीनंतर बायकोच्या फळीचा पॅटर्न बनवला म्हणायचा! मग नजर भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. कागदावर पेन्सिलीने वीस आकडे लिहिले होते. बेस गिटारच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या वीस पडद्यांची अंतरं. शेवटचं माप पाचशे ब्याण्णव. सहाशेच्या पट्टीत बरोबर मावणारं.

"देवा रे," मास्तर म्हणाले आणि स्टुलावर बसले.

ती गिटार त्यांनी सुनेसाठी केली होती. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तिघी मैत्रिणींबरोबर वाजवायची. उसनी आणलेली बेस मालकाने परत नेली, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "अगं, लाकूडच आहे ना? मी करून देतो." निरोप समारंभात कारखान्याने एका पंपाचा जुना सागवानी पॅटर्न भेट दिला होता. तो कापून गिटारचं धड केलं. दांडी तीनदा तासली. घोडी, म्हणजे ज्या तुकड्यावरून तारा खाली जातात ती, पितळेच्या जाड पट्टीतून कापून स्क्रूने पक्की बसवली. सात महिने लागले. चाळीस वर्षांत त्यांनी केलेला प्रत्येक पॅटर्न वाळूत दाबला गेला होता, जगाने पाहिलं ते लोखंड. लोकांसमोर जाणारी त्यांच्या हातची ही पहिलीच वस्तू.

दोन महिने सून वाजवत होती आणि गप्प होती. मग पंधरा दिवसांपूर्वी तिचे आईवडील जेवायला आले असताना ती भीत भीत म्हणाली, "बाबा, सुट्या तारा बरोबर लागतात. पण वरच्या पडद्यांवर गेलं ना, की सूर जरा चढा येतो."

आणि मास्तर काय म्हणाले? तिच्या आईवडिलांसमोर, हात पुसत, हसत म्हणाले, "माझ्या मापात केसभर फरक निघायचा नाही. हात कच्चा आहे तुझा. कानही तपासून घे एकदा, लॅबवाली ना तू?"

सगळे हसले होते. व्याहीसुद्धा. सूनही हसली, म्हणाली, "हो बाबा, माझंच चुकत असेल." पुढच्या रविवारी ती हॉलवर गेली नाही. त्यानंतरही नाही. गिटार कापडी खोळीत घालून दाराआड उभी होती, आणि मास्तर येताजाता तिच्याकडे बघत, आजकालच्या पोरींना चिकाटी म्हणून नाही, असं बायकोला ऐकवत होते.

आता ते सगळं आठवून त्यांचे कान तापले. वाढीव पट्टीने पडदे मारले आणि घोडी मात्र पट्टीत मावेना म्हणून टेपने मोजून लावली. दोन मापं, एकाच लाकडावर! वरचे पडदे घोडीच्या जास्त जवळ गेले, म्हणून सूर चढा. शिकाऊ माणसाने हे केलं असतं, तर मास्तरांनी त्याला कारखान्याबाहेर उभं केलं असतं.

चूक सुधारणं मात्र दोन तासांचं काम होतं. घोडी साडेआठ मिलिमीटर मागे घेतली की झालं. सून यायला वेळ होता. घरात कुणाला कळायचं कारणच नव्हतं. मास्तरांनी गिटार गुपचूप आणली, तारा सैल केल्या, स्क्रू काढले. जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून घासून सपाट केल्या, पॉलिश फिरवलं. नवी भोकं पाडताना दोनदा ड्रिल थांबवावं लागलं. आपल्याच घरात आपण चोरासारखे वागतोय, हे त्यांना कळत होतं, आणि तरी ते भराभर आवरत होते.

संध्याकाळी सून आली. तिने चहा घेतल्यावर मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "तारा जरा सारख्या केल्यात. वाजवून बघतेस?"

"राहू दे ना बाबा."

"बघ तरी."

नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने सूर लावले, खालून वाजवत वर गेली. थांबली. पुन्हा वर गेली. तिचा चेहरा उजळत गेला तसतशी मास्तरांची मान खाली गेली.

"बाबा, बरोबर येतंय! अहो, इतके दिवस हात लावला नाही आणि आज…" तिचे डोळे भरून आले. "तुमचं खरं होतं. माझाच हात बसायचा होता. मी उगाच तुमच्या कामाला नावं ठेवली."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, फळीचं काय झालं मग?" बायकोने आतून विचारलं.

मास्तर उठले, मागच्या खोलीतून दोन्ही पट्ट्या घेऊन आले आणि सुनेसमोर टेबलावर शून्याला शून्य जुळवून ठेवल्या. दुसऱ्या टोकाला एक पट्टी सहा मिलिमीटर पुढे आली होती.

"पडदे मी या लांब पट्टीने मारले," ते म्हणाले. "घोडी आज दुपारी सरकवली. तुला न सांगता. तुझा हात बरोबर होता. कानही."

सुनेने वाकून पट्ट्या पाहिल्या. मग घोडीजवळच्या खुंट्यांवरून तिने बोट फिरवलं.

"मी मैत्रिणींना सांगितलं, मला सूर कळेनासा झालाय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांनी माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली, बाबा. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे."

बायको दारात येऊन उभी होती. एरवी तिने मास्तरांना सोलून काढलं असतं. आज ती आत आली आणि तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याचीच मास्तरांना जास्त लाज वाटली.

"रविवारी मी येतो हॉलवर," ते म्हणाले.

"कशाला? आता काय उपयोग?"

"तुला परत घ्या म्हणायला नाही येत. पण तुझं नाव खराब करून मी घरात बसू?"

रविवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून सुनेबरोबर निघाले. दोन्ही पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतल्या. हॉलमध्ये तिघी मैत्रिणी होत्या, आणि चौथी, विशीतली, चकचकीत नवी बेस गळ्यात अडकवून उभी. वाजवणं थांबलं. सून दाराशीच थांबली.

"मी हिचा सासरा," मास्तर म्हणाले. "गिटार मी केलेली. तिच्यात साडेआठ मिलिमीटरची चूक होती. ती माझी. मी हिला चारचौघांत खोटं पाडलं. हिच्या कानात काही दोष नाही, एवढंच सांगायला आलो."

मास्तरांनी कागद सोडला आणि दाखवण्यासाठी पट्ट्या एकमेकींना लावल्या. पण हात इतके थरथरत होते, की शून्याला शून्य जुळेना. एकदा निसटलं, दुसऱ्यांदाही निसटलं.

सून दाराकडून आत आली आणि तिने दोन्ही पट्ट्यांची टोकं बोटांत घट्ट धरली.

"आता दाखवा, बाबा," ती म्हणाली.