रोज सकाळी दहा मिनिटं

‘बाहेरील मेकॅनिकने चुकीचे तेल वापरल्यामुळे इंजिन निकामी. वॉरंटी लागू नाही.’

बाहेरील मेकॅनिक म्हणजे मी. रत्नदीप. ठाकुर्लीला, पूर्वेला, माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत माझ्या हातून नट ढिला राहिला असेल, एकदा एका बाईंच्या गाडीत पान्हा विसरलेलो, तोही त्यांनी हसत परत आणून दिला. पण चुकीचं तेल? अरे, मी घरी भजी तळायचं तेलसुद्धा बायकोला विचारल्याशिवाय उचलत नाही!

तो कागद कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने श्रीपादकाकांना दिलेला. काका म्हणजे आमच्या डोंबिवलीचे गणिताचे निवृत्त मास्तर, पंचाहत्तरीला टेकलेले. त्यांची चार वर्षांची गाडी मानपाड्याच्या चढावर बंद पडली, टोइंग करून शीळ रोडच्या सर्व्हिस सेंटरला नेली, तिथे इंजिन उघडलं आणि हा कागद हातात ठेवला. काकांनी सल्ला विचारायला म्हणून तो सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवला, आणि त्या शहाण्याने तो थेट ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत मला तीन फोन. एक जण म्हणाला, ‘‘रत्नदीपभाऊ, माझी गाडी उद्या आणणार होतो, पण जरा राहू दे.’’

राहू दे! त्या एका सोसायटीतल्या चाळीस गाड्या माझ्याकडे येतात. आमच्या धंद्यात पाटी कुणी वाचत नाही, नाव वाचतात. नाव गेलं की शटर खाली ओढायचं आणि घरी बसायचं.

माझं डोकं असं सटकलं की काही विचारू नका. तेलाचा रिकामा डबा मी टाकत नाही, ही माझी सवय. माळ्यावर चढलो, काकांच्या गाडीचा डबा शोधला, त्यावरचा बॅच नंबर, माझ्या खरेदीचं बिल, सगळं पिशवीत भरलं आणि काकांना रिक्षात घेऊन निघालो.

‘‘रत्नदीप, तिथे आवाज चढवू नका हं,’’ काका म्हणाले. ते सगळ्यांनाच अहो-जाहो करतात. वर्गातल्या पोरांनाही करायचे म्हणे.

‘‘काका, चढवणार नाही. फोडणार आहे.’’

शीळ रोडच्या खड्ड्यांतून जाताना मी काकांना त्या इंजिनाची कुंडलीच सांगितली. एक लिटरचं इंजिन, सिलिंडर तीन, आणि त्याच्यावर जास्तीची हवा कोंबणारा टर्बो बसवून काढायची शंभर हॉर्सपॉवर. म्हणजे आमच्या शंभर किलोच्या मेव्हण्याला तीन पायांच्या स्टुलावर बसवायचं आणि वर म्हणायचं, नाच. नाचतोही तो, नाही असं नाही. ओव्हरटेकला गाडी अशी सुटते की मजा येते. पण टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याचा जीव काय तो पातळ तेलाच्या एका थरावर. त्यात या इंजिनाला ताल देणारा पट्टा, टायमिंग बेल्ट, तो रबराचा, आणि तो फिरतो कुठे? तर तेलात! आवाज कमी येतो म्हणून. रबर आणि तेल! तेलात काही गडबड झाली की रबर फुगणार, त्याचे तुकडे पडणार, ते तुकडे खाली तेल ओढायच्या जाळीत अडकणार, तेल वर चढणार नाही, आणि आधी टर्बो जाणार, मग इंजिन. हे मला कळतं, आणि इंजिन बनवणाऱ्या एवढ्या शिकलेल्या माणसांना कळत नाही?

‘‘पण त्यांनी ते विचार करूनच केलं असेल ना?’’ काका म्हणाले.

‘‘विचार केला असेल हो. गिऱ्हाइकाचा केला नसेल.’’

सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर केदार. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. बसा म्हणाला, कॉफी घेणार का म्हणाला. मी पिशवीतून डबा काढला आणि त्याच्या काचेच्या टेबलावर आपटला.

‘‘हे तेल. तुमच्याच कंपनीने सांगितलेलं, त्याच ग्रेडचं. हे बिल. तुम्ही काकांना महिन्यानंतरची तारीख दिलीत म्हणून गेल्या वेळी तेल मी बदललं. आता मला दाखवा, चुकीचं काय आहे? नाहीतर ज्याने हे लिहिलं त्याला माझ्यासमोर उभं करा.’’

‘‘सर, आपण शांतपणे—’’

‘‘शांतपणे? माझ्या पोटावर पाय ठेवलाय तुम्ही आणि मी शांतपणे बसू?’’

आजूबाजूची चार गिऱ्हाइकं बघायला लागली. काकांनी माझ्या दंडाला हात लावला. मी काही थांबलो नाही. केदारने शेवटी आतून कुणाला तरी बोलावलं.

संचिता आली. तिथली इंजिनीअर, तिशीची असेल, हाताला काळं लागलेलं. हाताला काळं लागलेलं माणूस दिसलं की मला जरा बरं वाटतं. तिने ट्रेमधून बेल्ट आणला. कडा उसवलेल्या, भिजलेल्या चामड्यासारखा मऊ. सोबत जाळी, काळ्या चुऱ्याने गच्च भरलेली. आणि तेलाच्या तपासणीचा रिपोर्ट.

‘‘तेलाचा ग्रेड बरोबर आहे,’’ ती सरळ म्हणाली. ‘‘रिपोर्ट आज सकाळी आला. कागद त्याच्या आधीच तयार झाला होता.’’

‘‘ऐकलंत?’’ मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडलो. ‘‘तपासणीच्या आधी निकाल! वा रे वा! आता लिहून द्या. चूक झाली असं लिहून द्या, सही-शिक्क्यासकट. मी ते ग्रुपवर टाकतो.’’

केदारचं तोंड एवढंसं झालं. त्याने खरंच नवा फॉर्म काढला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणाला माझी छाती दोन इंच फुगलेली.

‘‘पण सर, तेलात पेट्रोल आहे,’’ संचिता म्हणाली. ‘‘बरंच आहे. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या दोन बोटं वर होती. बेल्ट त्यानेच फुगला. हे इंजिन गार असताना जास्त पेट्रोल घेतं. थोडं पेट्रोल न जळता सिलिंडरच्या कडेने खाली तेलात उतरतं. गाडी नीट चालली, तापली, की ते उडून जातं. काका, तुम्ही गाडी रोज चालवता, की नुसती सुरू करून ठेवता?’’

काकांचा चेहरा खुलला. गणिताच्या मास्तरांना आकडा विचारलेला.

‘‘चालवतो महिन्यातून दोनदा, टिटवाळ्याला मुलीकडे. पण रोज सकाळी साडेसहाला खाली उतरून बरोबर दहा मिनिटं सुरू ठेवतो. चार वर्षांत चुकवलेलं नाही. ताप असतानाही उतरलोय.’’

संचिताने मान खाली घातली. केदारने मान वर केली.

‘‘असं करायला आपल्याला कुणी सांगितलं?’’ त्याने विचारलं. पेन हातात तयार होतं.

कुणी सांगितलं? मी सांगितलं! गाडी नवी आली तेव्हा पेढे द्यायला काका गॅरेजवर आलेले. मीच म्हणालेलो, ‘‘काका, तुमचं चालवणं कमी. रोज सकाळी दहा मिनिटं सुरू ठेवा, बॅटरी उतरणार नाही.’’ बावीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलोय. माझ्या उस्तादाने मला सांगितलेलं, मी पुढे सांगितलं. जुन्या इंजिनांना ते चालायचंही. दुसरा कुणी असता तर आठ दिवसांत कंटाळला असता. पण काका! त्यांनी माझा शब्द पाढ्यासारखा पाळला.

आणि एवढ्यावर भागत नाही. तेल बदलताना पातळी वर दिसलेली मला. मला वाटलं, मागच्या वेळी जास्त पडलं असेल. पेट्रोलचा वासही आलेला. म्हटलं, गॅरेजला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? गाढव कुठला! डोळ्यांनी बघितलं, नाकाने हुंगलं आणि हाताने नवं तेल ओतून मोकळा झालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर माणूस, वर्गात कोण गप्प बसलंय हे त्यांना न बघता कळतं.

‘‘कुणी नाही,’’ ते केदारला म्हणाले. ‘‘माझंच डोकं. निवृत्त माणसाला उद्योग नसतो ना.’’

केदार लिहायला लागला. ‘तेल योग्य. ग्राहकाच्या अयोग्य वापरामुळे इंजिन निकामी.’ मी जे मागायला आलेलो ते मला मिळत होतं. माझं नाव कागदावरून जात होतं. काकांनी सहीसाठी चष्मा काढला. आयुष्यभर पोरांना ‘खरं सांगा, मार्क कापणार नाही’ म्हणणारा माणूस माझ्यासाठी खोट्याखाली सही करत होता. लाज वाटली मला. अशी लाज वाटली की कान तापले.

‘‘थांबा,’’ मी म्हणालो. ‘‘मी सांगितलं त्यांना.’’

‘‘रत्नदीप, राहू द्या,’’ काका म्हणाले.

‘‘नाही राहू देणार! लिहा, साहेब. मेकॅनिकच्या सल्ल्याने. रत्नदीप ऑटो, ठाकुर्ली पूर्व. मोबाइल नंबर पण लिहा. पातळी वर दिसली तरी मी दुर्लक्ष केलं, तेही लिहा.’’

केदारने आनंदाने लिहिलं. पहिल्यापेक्षा सुवाच्य. मग म्हणाला, ‘‘सर, हे सगळं आमच्या माहितीपुस्तकात दिलेलं आहे. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवू नये.’’

‘‘कुठलं पुस्तक?’’ काकांनी विचारलं. ‘‘मला पुस्तक दिलेलं नाही.’’

‘‘स्कॅन केलं की फोनवर उघडतं. पान दोनशे अठ्ठ्याऐंशी. इंग्रजीत आहे.’’

भांडायचा हक्क मी घालवून बसलेलो. काकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो, कारण रिक्षा तिकडून मिळते.

मागे त्यांचं आवार आहे. विकायच्या नव्या गाड्या तिथे रांगेने उभ्या असतात. काकांच्याच मॉडेलच्या नऊ होत्या, सीटवरची प्लॅस्टिकंसुद्धा न काढलेल्या. नऊच्या नऊ सुरू. उभ्या जागी फुरफुरत होत्या. सखाराम नावाचा वॉचमन हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन गाड्यांमधून फिरत होता.

‘‘हे काय चाललंय?’’ मी विचारलं.

‘‘काय नाय, बॅटरी उतरतात ना,’’ तो म्हणाला. ‘‘केदारसाहेबांचा हुकूम आहे. रोज धा मिनिटं.’’

मी कपाळावर हात मारला. या गाड्या उद्या कुणीतरी नारळ फोडून घरी नेणार. चार वर्षांनी त्यांच्याही हातात असाच कागद पडणार, आणि त्यावर कुणातरी गॅरेजवाल्याचं नाव असणार.

काका हलले नाहीत. नऊही गाड्या त्यांनी बोट करून मोजल्या. मग खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि आल्या दाराने आत निघाले. मी मागे धावलो.

‘‘केदार!’’ अख्खा हॉल दचकला. काकांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ‘‘ऊठ! बाहेर ये, आणि या नऊ गाड्यांच्या कागदावर कुणाचं नाव लिहायचं ते मला सांग!’’