दुसरी घंटी

पौषातल्या सकाळी भंडाऱ्याबाहेर पडताना वैनगंगेवरून आलेलं धुकं इतकं दाट असतं की पुढचा रस्ता डोळ्यांपेक्षा कानांनाच आधी कळतो, आणि त्या शुभ्र, ओलसर निःशब्दतेतून माझ्या कानांवर येते ती एका जुन्या सायकलची घंटी. ती एकदा वाजते. मग थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग ती लागोपाठ दोनदा वाजते आणि साखळीची कुरकुर पुन्हा सुरू होते. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावं, कुणीतरी उगाच खेळतंय; पण गजभियेकाकांच्या आयुष्यात घंटी उगाच कधीच वाजली नाही.

काका माझे शेजारी. भंडारा ते पवनी या मार्गावर लाल बसचे कंडक्टर म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे व्याकरण त्यांच्या हातात इतकं मुरलं की निवृत्तीनंतर काळी, दांडीची सायकल घेऊन ते दर रविवारी त्याच रस्त्याला लागले, तेव्हाही प्रत्येक थांब्यावर आपसूक थांबू लागले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. साखर वाढल्यावर डॉक्टरांनी दटावलं म्हणून मी गिअरची देखणी सायकल घेतली, डोक्यावर शिरस्त्राण चढवलं आणि पहिल्याच रविवारी काकांना मागे टाकून ऐटीत पुढे गेले. पहेला गावाच्या अलीकडे माझी दमछाक झाली तेव्हा ते सावकाश मागून आले आणि पुढे निघून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे असते, आणि तिथून रस्ता अधिक चांगला दिसतो.

त्यांचं सायकल चालवणं म्हणजे प्रवासापेक्षा एक प्रकारचं पठणच होतं. थांबा जवळ आला की ओठ हलत, नाव हलकेच उच्चारलं जाई, घंटी एकदा वाजे, पाय जमिनीला टेके. आणि मग येई ती माझी सर्वांत आवडती लकब. डाव्या खांद्यावरून मान वळवून ते मागे बघत. मागे मी, माझ्या मागे रिकामा डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पसरलेल्या बांध्या, बांधांनी आखलेली धानाची शेतं. पण त्यांची नजर बसचं मागचं दार शोधत असे. सगळे चढले, कुणी राहिलं नाही, अशी खात्री पटली की मगच दोन घंट्या होत. असे सतरा थांबे. वेळापत्रकात त्यातले जेमतेम निम्मे असतील. बाकीचे या माणसाने झाडं, वळणं, शाळा आणि म्हाताऱ्यांचे गुडघे पाहून स्वतःच बहाल केलेले.

मळणीच्या दिवसांत गावकरी रस्त्याच्या एका अंगाला धान वाळत घालतात. ते सोनेरी आच्छादन दूरवर पसरलेलं असतं आणि मोटारसायकलवाले खुशाल त्यावरून जातात. काका मात्र उतरत, सायकल खांद्यावर घेत आणि कडेने, एक दाणाही पायाखाली येणार नाही अशा बेताने चालत. मलाही तेच करावं लागे. माझी महागडी सायकल हलकी का बनवली आहे, हे मला तिथे कळलं. पुढे अड्याळ ओलांडलं की ऊन वर येई, कापलेल्या बांध्यांतून लाखोरीची निळी फुलं उघडत आणि हवेला कोवळ्या हिरवेपणाचा गंध येई. मग पवनी: जुन्या दरवाजाची कमान, नदीकडे उतरत जाणारे घाट, आणि टेकडीवर मातीतून डोकावणाऱ्या स्तूपाच्या विटा. तिथे काका चपला काढून क्षणभर हात जोडत, मग घाटाच्या पायरीवर बसत आणि बोटांच्या पेरांवर सतरा मोजत. परतीला आम्ही दोन्ही सायकली बसच्या टपावर टाकून येत असू.

हे सारं असंच चालत राहील असं मी गृहीत धरलं होतं. गेल्या दिवाळीनंतर काका कोथिंबीर आणायला म्हणून गेले आणि दोन तासांनी डेपोत सापडले, बाकावर, ड्यूटी लागायची वाट बघत. नागपूरच्या डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की स्मरणशक्ती ओसरू लागली आहे. कधी, किती, ते सांगता येणार नाही. काकू फार बोलणाऱ्या नव्हेत. त्यांनी एकच अट घातली: सतराच्या सतरा थांबे आठवतात तोवर सायकल, ज्या दिवशी एक सुटेल त्या दिवशी ती आढ्याच्या हुकाला. मोजायचं काम माझ्याकडे आलं.

"म्हंजे हे बाई माझी चेकर व्हाली," काका हसत म्हणाले. "सगळी नोकरी चेकरले भेवून काढली, आता शेजारीच आणून बसवला!"

मी हसले, पण आतून धसकले होते. त्या थंडीत मी प्रत्येक थांब्याआधी कान टवकारत असे, आणि घंटी वाजली की मनात एक आकडा वाढवत असे. ही सायकल टांगली गेली तर या माणसाचं काय उरेल, हा विचार मला सहन होत नव्हता.

माघ लागला होता. अड्याळ आणि कोंढ्याच्या मधलं ते वळण, मोहाचा थांबा. रस्ता रुंद करताना तिथलं मोहाचं झाड गेलं, मुळासकट गेलं; आता डांबर आणि आकाश यांच्यामध्ये तिथे काहीही नाही. काकांचे ओठ हलले नाहीत. घंटी वाजली नाही. त्यांची पाठ एका लयीत पुढे जात राहिली आणि मी मात्र ब्रेक दाबून तिथेच उभी राहिले, कारण इतक्या रविवारांनंतर तो थांबा माझ्या हातांनाही पाठ झाला होता. मग जोर लावून त्यांना गाठलं.

पवनीच्या पायरीवर त्यांनी पेरं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा अंगठा सोळाव्या पेरावर येऊन थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एक सुटला ना?"

"नाही काका," मी म्हणाले. "माझंच लक्ष नव्हतं."

"चेकरनं खोटं नाई बोलावं, बाई." आवाजात राग नव्हता. समोर नदी संथ वाहत होती. "नाव नोको सांगू. कुठी सुटला, तेवढं जाताना दाखव."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले, हात मांडीवर उताणे ठेवून, नेहमीचा एकही किस्सा न सांगता. कोंढा मागे पडलं. वळण आलं तशी मी नुसतं "इथं" म्हटलं. काका उठले, डोक्यावरची घंटीची दोरी धरली आणि एकदाच ओढली. गाडी करकरत थांबली. तरुण कंडक्टरने चमकून पाहिलं. कुणी उतरणारं नव्हतं, बाहेर कुणी उभंही नव्हतं. पण तो काकांना ओळखत होता, त्यामुळे त्याने दोरीला हात लावला नाही. काका वाकून त्या उजाड वळणाकडे पाहत राहिले. ऊन रस्त्यावर सपाट पडलं होतं. गाडीभर माणसं, एक कोंबडी आणि मी, सगळे वाट पाहत होतो.

"मोह," ते हळूच म्हणाले. आणि मग नीट, प्रवाशांना ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात, "मोहाचा थांबा."

डाव्या खांद्यावरून त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं, आणि दोरी दोनदा ओढली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

घरी काकू अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. मी काही सारवासारव करण्याआधीच काका त्यांच्यापुढे उभे राहिले. "एक सुटला आज. येताना सापडला, पण जाताना सुटला. टांग सायकल."

सूप थांबलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता उठतील आणि हुकाकडे बोट दाखवतील.

"मले भेव कायचं होतं मालूम हाय?" त्या म्हणाल्या. "का तुमी हरपान, अन् तुमाले समजनारबी नाई. पन तुमी तं घरी येऊन सोताच सांगून राहिले. असा मानूस हरपला नाई म्हनत अजून." मग माझ्याकडे वळून, सूप पुन्हा हलवत, "आतापासून नावं तू घेजो, बाई. घंटी त्यायलेच वाजवू दे."

पुढच्या रविवारी निघण्याआधी काकांनी खिशातून आपला जुना तिकिटाचा पंच काढला. झिजलेला, हातांच्या घामाने काळवंडलेला. ड्यूटी बदलताना कंडक्टर एकमेकांना देतात तसा त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. तेव्हापासून मी मागून नाव पुकारते आणि ते घंटी वाजवतात. कधी माझ्याआधीच नाव घेतात आणि विजयी मुद्रेने मागे बघतात. कधी मी दोनदा पुकारते. कधी एखादा थांबा त्यांना अगदी नवा वाटतो, आणि ते इतक्या कुतूहलाने तिथली बांधी, बोडीचं छोटं तळं, पाण्यावरचे बगळे न्याहाळतात की मलाही ते सारं पहिल्यांदा दिसतं.

हे किती काळ चालेल, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारत नाही. एखाद्या पौषात पुढे काकांची पाठ दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या वळणावर, जिथे झाड नाही आणि थांबाही नाही, माझे हात ब्रेकवर जातील, मी नाव घेईन आणि डाव्या खांद्यावरून मागे पाहीन. काळाला पुढे जायची कितीही घाई असली, तरी सगळे चढले का, हे कुणीतरी वळून पाहिल्याशिवाय दुसरी घंटी वाजत नाही.