ओला बोळा

जहीर अन्सारीवर नीरजाबाईंचा संशय होता आणि तो आजकालचा नव्हता. जहीर कॉलेजात कंत्राटी प्राध्यापक म्हणून रुजू झाला त्याच दिवशी संशयही रुजू झाला. बनारसच्या मदनपुऱ्यातल्या विणकराचा मुलगा, प्राणिशास्त्रात पहिला वर्ग, शिकवणं चोख, मुली खूश. इतकं सगळं चांगलं असलेल्या माणसात कुठेतरी खोट असणारच, असं बाईंचं गणित. बाई प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुख. गणितात त्या कच्च्याच होत्या, पण स्वतःच्या नजरेवर त्यांचा भारी विश्वास.

नीरजा शेवडे ब्रह्मा घाटावरच्या. वडील वेद शिकवणारे. बेडूक चिरून आलेल्या मुलीला ते आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. त्या घरातून भांडून भांडून बाई प्राणिशास्त्र शिकल्या होत्या. त्यामुळे विज्ञानावर आपला हक्क जरा जास्तच आहे, असं त्यांना वाटे. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी स्वतः पाटी लावली होती: चप्पल आणि श्रद्धा बाहेर ठेवा. मुली हसायच्या, चपला मात्र बाहेर काढायच्या.

आणि हा अन्सारी दुपारी त्याच प्रयोगशाळेच्या बेसिनवर हातपाय धुऊन मागच्या कोपऱ्यात नमाज पढायचा. पाच-सात मिनिटांचं काम, कुणाला त्रास नाही. पण बेसिनपासून कोपऱ्यापर्यंत ओल्या पावलांचे ठसे उमटत. बाई ते ठसे बघत आणि त्यांचं डोकं फिरे.

दोघांचं बोलणं बनारसी हिंदीत चाले. आपण ते मराठीतच ऐकू, म्हणजे कुणाचा खोळंबा नको.

त्या वर्षी प्राचार्य नीलकंठ मिश्रांनी 'जीवनाची सुरुवात' अशी व्याख्यानमाला काढली. पहिलं भाषण बाईंचं झालं. पुढचं अन्सारीचं, विषय 'विज्ञान आणि इस्लामी दृष्टी'. बाईंनी आपल्या भाषणासाठी एक जुना प्रयोग मांडला होता. तीन काचेचे चंबू, तिन्हींत मुगाचं पातळ कढण, तिन्ही खळखळून उकळलेले. एक उघडा ठेवला, दोहोंच्या तोंडात कापसाचा घट्ट बोळा. उघडा चंबू चार दिवसांत गढूळ होऊन घाण मारू लागला. बोळेवाले दोन्ही गुरुपौर्णिमेपासून नितळ उभे. हवा आत जाते, जंतू कापसात अडकतात. कढणातून आपोआप जीव उपजत नाही, तो बाहेरून यावा लागतो. फक्त बोळा कोरडा हवा. ओला झाला की जंतू त्या ओलीतून सरळ आत उतरतात. हे वाक्य बाई दरवर्षी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करत.

अन्सारी त्या चंबूंसमोर उभा राहून म्हणाला होता, "मॅडम, तुमचा चंबू सांगतो की जीवातूनच जीव येतो. मग पहिला कुठून आला?"

आणि हसला होता. प्रश्न वाजवी होता, बाईंनाही तो पडलेला होताच. पण ते हसणं त्यांना झोंबलं. हा माणूस माझाच प्रयोग माझ्यावर उलटवणार, असं त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

मग त्या त्याच्या वर्गाबाहेर उभ्या राहू लागल्या. हातात हजेरीपट आणि कान दाराला. आत एक मुलगी विचारत होती, "सर, तुमच्यात तर पहिला माणूस मातीतून बनला ना?"

"हो," अन्सारी म्हणाला, "आणि त्यावर आमच्यात भरपूर भांडणं आहेत. काही जण म्हणतात, जनावरांची उत्क्रांती चालेल, माणसाची नाही. काही म्हणतात, माणसाचीही चालेल, बनवणाऱ्याची तीच रीत असेल. काही म्हणतात, हे सगळं थोतांड. माझे मामा या तिसऱ्यांतले. ईदला मला शेवया वाढतात, पण माकडाचा विषय काढू देत नाहीत." वर्ग हसला. "माझे अब्बा मागावर बसून सांगायचे, बनवणाऱ्याने बनवलं हा ईमान, आपली श्रद्धा. कसं बनवलं हे बघणं आपलं काम. परीक्षेत फक्त दुसऱ्याला मार्क आहेत, तेव्हा लिहून घ्या." आणि तो आदिम समुद्र, साधे रेणू, चिकणमातीच्या थरांवर त्यांच्या जुळणाऱ्या साखळ्या असं सांगत सुटला. हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, हेही त्याने सांगितलं.

यात नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. बाईंना तेच खटकलं. फारच सफाईदार बोलतो, त्यांनी मनाशी म्हटलं. माणूस इतकं मोजूनमापून बोलतो तेव्हा काहीतरी झाकत असतो.

नवरात्र आलं. कॉलेजला सुट्टी लागली, तरी खंडेनवमीला बाई नेमाने प्रयोगशाळेत आल्या. मराठी घरांतली रीत. त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची, आणि बाईंची हत्यारं म्हणजे सूक्ष्मदर्शक, चिमटे, चंबू. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, घरून आणलेल्या गडूतलं गंगाजल फुलाने सगळ्या फळीवर शिंपडलं आणि नमस्कार केला. दारावरची पाटी त्यांना आठवलीसुद्धा नाही. ही काही श्रद्धा नव्हे, ही आपली रीत, असा त्यांच्या मनाचा कारभार.

जाताना अन्सारी दारात भेटला. भाषणाची तयारी करायची होती, सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली मिळेल का? नाही म्हणायला बाईंना निमित्त सुचलं नाही. दिली.

सुट्टी संपून त्या परत आल्या, तर पुढचा बोळेवाला चंबू गढूळ. दुधाचा हात लागल्यासारखा पांढुरका, वर पातळ साय. मागचा मात्र तसाच नितळ. बाई मटकन स्टुलावर बसल्या. तीन महिन्यांची मेहनत गेली याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. बघा, मी म्हणत नव्हते?

त्यांनी बोळा काढला, पिळला, निघालेला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतूंची वळवळ होतीच. पण त्यांच्यामध्ये चिमुकल्या काचेच्या होड्या दिसल्या, अंगावर नाजूक रेघा असलेल्या. डायटम. नदीच्या पाण्यात राहणारं शेवाळ. नळाच्या गाळलेल्या पाण्यात इतके कधी सापडायचे नाहीत. कुणीतरी नदीचं पाणी आणून बोळ्यावर टाकलं होतं! आपोआप शिरलेला जंतू नव्हे, हे मुद्दाम केलेलं काम. भाषणाच्या दिवशी गढूळ चंबू उचलून दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, मॅडमचं विज्ञान किती टिकलं.

बाई तडक प्राचार्यांकडे गेल्या. मिश्रांनी सगळं ऐकून घेतलं. अन्सारीचं कंत्राट या महिन्यात संपणार होतं आणि ते वाढवायचं की नाही, हे विभागप्रमुखांच्या शब्दावर होतं.

"तुमचं म्हणणं, हे त्यांनी केलं?"

"मी कुणाचं नाव घेत नाही," बाई म्हणाल्या. "किल्ली त्यांच्याकडे होती, एवढंच सांगते."

"समजलं," मिश्र म्हणाले. "उद्याचं भाषण जाहीर झालंय, ते होऊन जाऊ दे. मग निरोप देऊ."

परतताना बाईंनी अन्सारीकडून किल्ली मागून घेतली. त्याने का म्हणून विचारलं नाही. खिशातून काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. गुन्हेगारच असा गप्प राहतो, बाईंनी ठरवून टाकलं.

संध्याकाळी घरी त्यांचे यजमान दत्तात्रेय देवघरापुढे खुडबुडत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या वस्तूंच्या मागे लागले होते.

"अगं, गंगाजलाचा गडू कुठे गायब केलास? परवा पौर्णिमा, सत्यनारायण आहे. मी सगळी अलमारी धुंडाळली."

"तिथेच असेल. मी कशाला नेऊ?"

"वा! खंडेनवमीला तूच घेऊन गेलीस की कॉलेजात. तुझ्या त्या काचेच्या देवांना शिंपडायला."

बाईंच्या हातातली चहाची कपबशी हातातच राहिली. फूल गडूत बुडवून त्यांनी फळीवर झटकलं होतं. एकदा नव्हे, चांगलं दोन-तीनदा. पुढच्या चंबूच्या मानेला हळदकुंकू लावताना तर फूल ओलंचिंब होतं, थेंब कापसावर पडलेले त्यांनी पाहिले होते. पाहिले होते! आणि डोक्यात काहीही वाजलं नव्हतं. गंगाजल म्हणजे पाणी, हा विचारच मनाला शिवला नव्हता. आयुष्यभर फळ्यावर दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने ओलं केलं होतं.

"काय गं, बरं नाही वाटत?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"लाज वाटते," बाई म्हणाल्या.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचल्या. गडू सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यामागे, त्यांनी ठेवला होता तिथेच होता. शेजारी सुकलेला झेंडू. आसपासची फळी पुसलेली, चकचकीत. गडूभोवती मात्र धुळीचं एक कडं तसंच राहिलेलं.

अन्सारी दारात येऊन थांबला. चप्पल काढली, पण आत आला नाही.

"तुम्ही हे पाहिलं होतं?" बाईंनी गडूकडे बोट दाखवून विचारलं.

"दसऱ्याच्या दिवशीच. बोळा ओला होता, मानेला हळद होती. वाटलं, सुकेल. तुमचा चंबू वाचू दे अशी दुआ केली." तो जरासं हसला. "कबूल झाली नाही."

"मग सांगितलं का नाही मला? मी प्राचार्यांकडे गेले, तुमची किल्ली काढून घेतली, तरीही गप्प?"

"मॅडम, मी सांगणार?" त्याचा आवाज चढला नाही, पण त्यातलं हसू गेलं. "या शहरात, माझ्या नावाच्या माणसाने म्हणायचं, की गंगाजलाने चंबू नासला? तुम्ही म्हणालात तर विज्ञान होतं. मी म्हणालो तर काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. फळी पुसताना मी त्या गडूला हातसुद्धा लावला नाही. उद्या कोण काय म्हणेल, सांगता येत नाही."

बाईंना त्याच्याकडे बघवेना. म्हणजे संशय एकट्या त्यांनाच नव्हता. हा माणूसही त्यांना जोखत होता, दिवसभर, रोज. आणि त्याचा संशय खरा निघाला होता.

अकरा वाजता सभागृह भरलं. मुली, प्राध्यापक, गावातले चार प्रतिष्ठित, अन्सारीचे ते शेवयावाले मामाही शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून. वक्त्याची ओळख करून द्यायला बाई उठल्या, त्या एका हातात गढूळ चंबू आणि दुसऱ्या हातात तांब्याचा गडू घेऊन. मिश्रांनी भुवया वर केल्या.

"हा चंबू सुट्टीत नासला," बाई म्हणाल्या. "मी प्राचार्यांना सांगितलं, किल्ली अन्सारीसाहेबांकडे होती. ते खरं आहे. किल्ली त्यांच्याकडे होती आणि चूक माझ्याकडे. खंडेनवमीला मी यावर गंगाजल शिंपडलं. बोळा मी भिजवला."

सभागृहात कुजबुज उठली. मागून कुणीतरी चिडून ओरडलं, गंगाजलात जंतू असतात म्हणायचंय का?

"असतात," बाई म्हणाल्या. "मी ब्रह्मा घाटावरची, रोज गंगेला नमस्कार करते. नदीत जीव आहेत म्हणून ती नदी आहे. ज्याला पाहायचंय त्याने भाषणानंतर वर यावं, सूक्ष्मदर्शक लावून ठेवलाय. आणि मिश्रसाहेब, कंत्राटाविषयी विभागप्रमुखाचा शब्द तुम्हाला हवा होता ना? अन्सारीसाहेबांनी राहावं, हा माझा शब्द. चार लोकांत दिलाय."

मिश्रांनी त्या ओरडणाऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि एकदाची मान हलवली. कंत्राटाचं तर निभावलं.

अन्सारी बोलायला उभा राहिला. लिहून आणलेलं त्याने खिशातच ठेवलं. तो म्हणाला, पहिला जीव कुठून आला हे आपल्याला अजून नीट माहीत नाही. पण पाण्याशिवाय तो आला नसावा, यावर माझे अब्बा आणि माझी पुस्तकं यांचं कधी भांडण झालं नाही. मामांच्या हातांची घडी तेवढ्यापुरती सुटली.

भाषणानंतर सूक्ष्मदर्शकापाशी मुलींची रांग लागली. बाई गर्दीतून वाट काढत अन्सारीजवळ गेल्या आणि किल्ली त्याच्यापुढे धरली. आता सगळं मिटलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मुद्दाम चार लोकांसमोर द्यायची, हेही त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं.

अन्सारीने किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"राहू दे मॅडम, तुमच्याकडेच ठेवा," तो अगदी अदबीने म्हणाला. "पुढच्या वेळी काही झालं, तर किल्ली माझ्याकडे नव्हती, एवढं तरी मला म्हणता येईल."