उसना मामा

घरमालकीणबाईंची अट एकच होती. "बोलणी करायला वडीलधारं कुणीतरी आणा. पोरासोरांशी मी व्यवहार करत नाही."

भाड्याने खोली शोधणाऱ्या त्या नवरा-बायकोने वडीलधारं आणायचं कुठून? तिची आई ती शाळेत असतानाच गेली, बाप त्याच्याही आधी निघून गेलेला. नवरा वाढला वसतिगृहात. मैत्रिणींपैकी कुणाला वडिलांनी फ्लॅट घेऊन दिला, कुणासाठी सासऱ्यांनी नुसता एक फोन फिरवला. हिच्याकडे डिग्री होती, दवाखान्याच्या लॅबमधली नोकरी होती, कडेवर बाळ होतं. फोन फिरवणारं कुणी नव्हतं. आणि सध्याच्या खोलीतल्या ओलीने बाळाचा खोकला काही हटत नव्हता.

शेवटी दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर मामा व्हायला तयार झाले. नवऱ्याची दिवसपाळी, म्हणून बाळाला घेऊन दोघंच निघाले.

"फक्त मला अहो-जाहो करू नका," जिना चढताना तिने बजावलं.

"छे हो! तुम्ही अजिबात काळजी करू नका."

परत 'तुम्ही'च! तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

वर मात्र मामा रंगले. "पोर गुणाची आहे आमची. अंगाखांद्यावर खेळवलंय हिला." मालकीणबाई विरघळायला लागल्या. तेवढ्यात बाळाने टीपॉयवरच्या फुलदाणीला हात घातला.

"मॅडम, धरा, धरा!" मामा ओरडले.

फुलदाणी वाचली. मामा कामातून गेले.

"सख्ख्या भाचीला मॅडम म्हणता होय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"खोटं बोललो आम्ही," ती म्हणाली. कान तापले होते. "मला कुणी नाही. नवऱ्यालाही नाही. भाडं आमच्या पगारातूनच येणार."

"आणि थकलं तर मी कुणाचं दार ठोठावायचं? माझंही घर या खोलीच्या भाड्यावरच चालतं, बाई."

"माझं ठोठावा," कंपाउंडर म्हणाले. "मामा खोटा असेन, पत्ता खरा आहे."

"दार तरी तुमच्या मालकीचं आहे का?"

"मुलाचं आहे. पण कडी मीच काढतो."

बाईंना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. "इतरांशी वर्षाचा करार करते. तुम्हाला तीन महिने. पुढचं पुढे बघू."

वर्ष मिळायला बाप लागतो, तिच्या मनात आलं. तोंडातून मात्र "चालेल" एवढंच निघालं.

बाईंनी शेजारच्या खोलीचं कुलूप काढलं. भिंती कोरड्या ठणठणीत होत्या! ती हात फिरवून फिरवून बघत राहिली. ऊन मात्र थेट बाळाला निजवायच्या कोपऱ्यात येत होतं.

"पडद्यासाठी दोन खिळे ठोकले तर?"

"तीन महिन्यांनी."

तिने मान हलवली. खिडकीला गज होते. ओढणी बांधता येईल, एवढं तिने बघून ठेवलं.